कोल्हापूरला आलाय ना, मग टाऊन हॉलचं म्युझियम असं बघा

आमच्याकडं पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो, सकाळी अंबाबाई, मग मिसळ, दुपारी पन्हाळा नाहीतर जोतिबा, संध्याकाळी रंकाळा, रात्री तांबडा-पांढरा आणि निघताना चप्पल. म्युझियमचं नाव काढलं की "वेळ उरला तर बघू" म्हणतात आणि वेळ काय उरत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जे आहे ते बघायला लोक परदेशात तिकीट काढून रांगा लावतात, आणि आपण त्याच्या समोरनं रिक्षातनं निघून जातो.

म्हणून हे लिहितेय. छोटं इतिहासाचं म्युझियम कसं बघायचं, ते पण प्रवासात, हातात दोन-अडीच तास असताना. कोल्हापूरचं उदाहरण घेतलंय पण सातारा, औंध, तेर कुठंही गेलात तरी असंच बघता येईल. माझं म्हणणं एकच आहे, सगळं बघायला जाऊ नका, तीन-चार वस्तू नीट बघा आणि मग ती वस्तू जिथं सापडली त्या जागेवर पायानं चालत जा. कोल्हापुरात हे होऊ शकतं, कारण म्युझियम आणि उत्खननाची जागा यांच्यात चालत जायचं अंतर आहे. अशी सोय फार कमी गावांत असते.

आधी वाराचं बघा. सरकारी म्युझियमं साधारण सोमवारी बंद असतात आणि सणासुदीच्या सुट्टीला पण, त्यामुळं रविवारी रात्री मुक्काम करून सोमवारी म्युझियम असा बेत करू नका. आणि नेटवर लिहिलेल्या वेळेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मी एकदा दुसऱ्या एका गावी तीन तास एसटीनं गेले होते आणि दाराला कुलूप, मोबाईलवर मात्र 'उघडं आहे' असंच दिसत होतं. तेव्हापासून मी जायच्या आधी फोन करते, फोन कुणी उचलला नाही तर लॉजवाल्याला नाहीतर रिक्षावाल्या मामांना विचारते, त्यांना पक्कं माहीत असतं. तिकिटाला सुट्टे पैसे ठेवा, प्रत्येक ठिकाणी क्यूआर कोड असेलच असं नाही. मोठी बॅग लॉजवरच ठेवून या म्हणजे ती सांभाळत फिरायला लागणार नाही.

वेळ सकाळची धरा, उघडल्या उघडल्या गेलं तर उत्तम. जेवून जाऊ नका. मटणाचं ताट जेवून म्युझियममध्ये गेलेला माणूस दुसऱ्या खोलीतच बाकडं शोधायला लागतो, मी कितीतरी पाहुण्यांचं बघितलंय. अंबाबाईचं दर्शन सकाळी लवकर घ्या, हलका नाश्ता करा, आणि शिवाजी चौक, महापालिका असं करत सीपीआर हॉस्पिटलच्या दिशेनं चालत या. कुणालाही "टाऊन हॉल कुठं?" विचारा, म्युझियम म्हणून विचारलं तर एखादा न्यू पॅलेसला पाठवेल, कारण तिथं पण म्युझियम आहे आणि ते जास्त प्रसिद्ध आहे. टाऊन हॉल म्हटलं की गोंधळ होत नाही.

पोचलात की लगेच आत शिरू नका. आधी बाहेर थांबा, बिल्डिंग बघा. १८७० च्या दशकातली आहे ही, गॉथिक पद्धतीची, उंच टोकदार छपरं, निमुळत्या कमानी, आणि सगळं दगडात. चार्ल्स मँट नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरचं हे काम, त्यानंच न्यू पॅलेसचं डिझाईन केलं. पण दोन्ही इमारती बघितल्या तर एकाच माणसाच्या वाटत नाहीत, टाऊन हॉल बघून विलायतेतलं चर्च आठवतं आणि न्यू पॅलेसमध्ये मात्र घुमट, छत्र्या, जैन-हिंदू मंदिरातली नक्षी, मुसलमानी कमानी सगळं एकत्र आणलंय. दोन्ही एकाच दिवशी बघितलं तर हा फरक लगेच डोळ्यात भरतो. टाऊन हॉलच्या भोवती बाग आहे, झाडं जुनी आहेत, उन्हाळ्यात पण सावली असते, म्हातारी माणसं सोबत असतील तर त्यांना आधी इथं दहा मिनिटं बसू द्या.

आता दगडांविषयी, कारण हा भाग बहुतेक जण न बघताच पुढं जातात. जुनी शिल्पं, तोफा, मूर्तींचे तुकडे असं बरंच काही छोट्या म्युझियमच्या आवारात, व्हरांड्यात मांडलेलं असतं, आणि त्यात वीरगळ, म्हणजे लढाईत गेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, हमखास असतो. कोल्हापूर जिल्ह्यात तर वीरगळ गावोगावी देवळाबाहेर उभे आहेत, शेंदूर लावलेले, नाहीतर अर्धे मातीत गेलेले. ते वाचायला शिकायला पाच मिनिटं लागतात आणि एकदा शिकलं की आयुष्यभर कामाला येतंय. वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते, कधी घोडा असतो, कधी ढाल-तलवार, कधी गायी असतात, गायी दिसल्या म्हणजे गावाची गुरं पळवून नेत होते आणि ती सोडवताना हा माणूस गेला असं समजायचं. त्याच्या वरच्या चौकटीत वीराला अप्सरा दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात घेऊन चाललेल्या असतात. सगळ्यात वर तो शिवपिंडीसमोर बसलेला, पुजारी पूजा करतोय, आणि कडेला चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत याचं नाव राहील. माथ्यावर कलश. नाव मात्र बहुतेक वेळा कोरलेलं नसतंच.

त्याच दगडावर नाहीतर शेजारच्या दगडावर कोपरात दुमडलेला एक हात वर आलेला दिसला, मनगटात बांगड्या, तर तो सतीशिळेचा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीच्या दगडावरचा हात. तिथं थोडं थांबा, मी तर थांबतेच. बांगड्या कोरणाऱ्यानं एकेक वेगळी कोरलेली असते, आणि ती बाई कोण होती, केवढी होती याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

शिलालेख दिसला आणि वाचता आला नाही तर मराठी कच्चं आहे असं समजू नका. कोल्हापूरवर शिलाहार घराण्याचं राज्य होतं, खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर त्यांच्याच काळात उभं राहिलं, आणि या भागातले त्यांचे बरेच लेख कन्नडमध्ये आहेत. त्या काळी इथं कन्नड लिहिलं-वाचलं जायचं ही गोष्ट आजच्या सीमावादाच्या गदारोळात आपण विसरतो, दगड बघितला की ती लगेच समजते.

आत गेल्यावर काय करायचं ते आता सांगते. पहिली फेरी न थांबता मारा. खरंच, कुठल्याच पाटीसमोर उभं राहू नका, दहा मिनिटांत सगळ्या खोल्यांतनं फिरून या, नाणी कुठं, मूर्ती कुठं, शस्त्रं कुठं, चित्रं कुठं एवढंच बघून ठेवा. या फेरीत एखादी-दुसरी वस्तू आपोआप डोक्यात राहते. मग परत सुरुवातीला या आणि फक्त त्या वस्तूंकडं जा. पहिल्या कपाटापासून एकेक पाटी वाचत निघालं की तिसऱ्या कपाटाला पाय दुखतात आणि खरी चांगली वस्तू शेवटच्या खोलीत असते, तिथं पोचेपर्यंत घरच्यांचे फोन चालू झालेले असतात. शाळेच्या सहलीत मी हे म्युझियम पहिल्यांदा बघितलं, रांगेत, हाताची घडी घालून, पंधरा मिनिटांत, आणि मला त्यातलं तलवारी सोडून काहीही आठवत नव्हतं. वीस वर्षांनी परत गेले तेव्हा कळलं की मी तेव्हा पोसायडनच्या समोरनंच गेले होते.

तर पोसायडन. या म्युझियममध्ये एकच वस्तू बघायला वेळ असेल तर ही बघा. कांस्याची मूर्ती आहे, वीतभरसुद्धा उंच नाही, त्यामुळं शोधायला लागते, मोठी मूर्ती शोधत गेलात तर समोर असून दिसणार नाही. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्राचा देव, रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणायचे. दाढीवाला, अंगावर कपडा नाही, आणि उभं राहण्याची पद्धत बघा, एका पायावर भार दिलाय आणि दुसरा पाय सैल सोडलाय, त्यामुळं कंबर थोडी कलली आहे, खांदे पण. आपल्याकडच्या समपाद, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभ्या मूर्ती डोळ्यासमोर आणा आणि मग याच्याकडं बघा, हे शरीर वेगळ्याच कारागिराच्या हातनं घडलंय हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. छाती-पोटाचे स्नायू केवढ्याशा जागेत दाखवलेत ते बघायला काचेजवळ वाकायला लागतं, वाका, लाजू नका, गुडघे टेकून बसा हवं तर.

ही मूर्ती ब्रह्मपुरीत सापडली. ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठावरची टेकडी, इथनं चालत पंधरा-वीस मिनिटांवर. १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं. साधारण त्याच सुमारास टेकडीवर कांस्याच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला, भांडी, छोट्या छोट्या खेळण्यासारख्या मूर्ती, आणि त्यात हा समुद्रदेव. या वस्तू ठेवायला जागा पाहिजे म्हणूनच १९४६ मध्ये कोल्हापूरचं म्युझियम सुरू झालं आणि पुढं ते टाऊन हॉलमध्ये आलं. म्हणजे हे म्युझियम कुठल्या राजाच्या हौसेतनं झालेलं नाही, ते कोल्हापूरच्या मातीतनं निघालेल्या वस्तूंसाठी झालं, आणि म्हणूनच मला ते जास्त जवळचं वाटतं.

आता प्रश्न येतो तो हा की समुद्राचा देव घाटावर कसा आला. कोल्हापूरला समुद्र नाही, तो सह्याद्रीच्या खाली. सातवाहनांच्या काळात, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, इजिप्तच्या तांबड्या समुद्राकडच्या बंदरांतनं रोमन व्यापाराची जहाजं निघायची ती जुलैच्या आसपास, आपला नैऋत्य मोसमी वारा शिडात भरून घ्यायची आणि अरबी समुद्र ओलांडून यायची. परत जायला हिवाळ्यातला उलटा वारा. सोपारा, कल्याण, चौल ही आपली बंदरं त्या व्यापारात होती. तिकडनं दारूचे रांजण, तांबं, कथील, पोवळं, सोन्या-चांदीची नाणी यायची, इकडनं सुती कापड, रंगीत दगड, मिरी असा माल जायचा. बंदरावरचा माल बैलांच्या पाठीवर घाट चढून वर यायचा. आंबा घाटातनं गाडीनं आलात ना तुम्ही, गाडी लागली म्हणून दोनदा थांबलात ना, तशाच डोंगरातनं हा देव वर आलाय. हे लक्षात ठेवून मूर्ती परत बघा.

माझ्या मावसभावाची आठ वर्षांची मुलगी सोबत होती एकदा. मी तिला सांगितलं की याच्या हातात त्रिशूळ असायचा. ती म्हणाली, "मग हा शंकरच आहे की." मी म्हटलं शंकर नव्हे गं, समुद्राचा देव आहे, परदेशातला. तर म्हणाली, "पण इथं आल्यावर लोकांनी त्याला शंकरच म्हटलं असेल." मला यावर उत्तर देता आलं नाही आणि आजपर्यंत मी त्याच्यावर विचार करतेय. लहान मुलं सोबत असली तर त्यांना बोलू द्या, "गप बस, हात लावू नको" एवढंच सांगत फिरू नका.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये प्राचीन भारतीय बौद्ध कलेचं मोठं प्रदर्शन झालं त्यात हा पोसायडन गेला होता. तिथं तो बघायला जगभरची माणसं आली, आणि आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणांनी तो अजून बघितलेला नाही. अशा वस्तू कधी कधी प्रदर्शनाला बाहेर जातात, मांडणी पण बदलते, म्हणून जायच्या आधी फोन कराल तेव्हा तो जागेवर आहे का हे पण विचारून घ्या.

ब्रह्मपुरीच्या त्याच साठ्यात एक छोटा कांस्याचा हत्ती मिळाला, पाठीवर माणसं बसलेली, एकामागं एक दाटीवाटीनं. त्या माणसांचे हात बघा, कुणी कुणाला धरलंय ते. स्कूटरवर चौघं बसतात तसंच दिसतं ते. हा मात्र आपल्या कारागिराचा हात, आणि पोसायडन बघून लगेच हत्ती बघितला की दोन्हीकडच्या कारागिरांना काय महत्त्वाचं वाटत होतं ते कळतं, तिकडं शरीराची ठेवण आणि इकडं माणसांची गडबड, त्यांचं एकत्र असणं. मला हत्ती जास्त आवडतो. पोसायडन भारी आहेच पण हत्तीवरची माणसं ओळखीची वाटतात.

नाण्यांच्या कपाटापुढं लोक सगळ्यात कमी थांबतात, कारण काळपट, झिजलेली, सगळी सारखी दिसतात. इथं एक युक्ती सांगते. पन्नास नाणी बघू नका, एकच निवडा. कोल्हापूर परिसरात त्या काळातली शिशाची नाणी सापडली आहेत, कुर घराण्याच्या राजांची. एका बाजूला धनुष्यबाण आणि भोवती ब्राह्मी अक्षरं, दुसऱ्या बाजूला डोंगरासारखे कमानींचे ढीग आणि कुंपणातलं झाड. धनुष्यबाण एकदा ओळखला की पुढची सगळी नाणी ओळखता येतात. आणि नावं बघा, वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर, गोतमीपुत विळिवायकुर. वासिष्ठीचा मुलगा, माढरीचा मुलगा, गौतमीचा मुलगा. राजा स्वतःच्या नावाआधी आईचं नाव लावून नाणं पाडतोय, आणि ते नाणं बाजारात हातोहात फिरतंय. आजकाल मुलं कागदपत्रांत आईचं नाव लावतात त्याची बातमी होते, इथं ते शिशावर ठोकलेलं आहे, तेही १८००-१९०० वर्षांपूर्वी.

पाटीवर शतक लिहिलेलं असतं त्यात बरेच जण चुकतात म्हणून सांगते, दुसरं शतक म्हणजे सन १०१ ते २००, बाराव्या शतकातलं म्हणजे अकराशेच्या पुढचं. शिलाहार बाराव्या शतकातले, म्हणजे शिवाजी महाराजांच्या साधारण पाचशे वर्षं आधीचे. नाणी, हत्ती, पोसायडन हे त्याच्याही हजार वर्षं आधीचे. एवढी तीन टप्प्यांची उतरंड डोक्यात ठेवली की पाट्या वाचताना गोंधळ उडत नाही.

चित्रांच्या दालनात आबालाल रहमान शोधा. १८६० च्या आसपासचा जन्म, मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकले, मोठं नाव मिळत असताना परत कोल्हापूरला आले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, १९३१ ला वारले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा, पाण्याच्या काठची सकाळ-संध्याकाळ त्यांनी पुन्हा पुन्हा काढली. त्यांच्या जलरंगाच्या चित्रापासून आधी चार पावलं लांब उभे राहा, मग जवळ जा. लांबनं पाणी दिसतं, जवळ गेलं की नुसते रंगाचे ठिपके आणि फटकारे दिसतात, पाणी गायब होतं. परत मागं या, परत पाणी. मी प्रत्येक वेळी करते हे. शेजारीच कोल्हापूरच्या इतर चित्रकारांचं काम असतं, स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमे काढणारे बाबूराव पेंटर याच परंपरेतले. कोल्हापूरला कलापूर का म्हणतात ते इथं कळतं.

काचेवर उजेड चमकत असेल तर एका बाजूनं तिरकं बघा, दोन्ही हातांचा आडोसा काचेला धरा, पण काचेवर रेलू नका. मोबाईलचा टॉर्च मारू नका, कापड, कागद, जलरंग यांचा रंग उजेडानं उडतो, आणि फ्लॅश तर नकोच. फोटोला परवानगी आहे का, वेगळे पैसे आहेत का हे तिकीट काढतानाच विचारा. फोटो काढायला परवानगी असली तरी आधी डोळ्यानं बघा. सगळ्यात चांगलं म्हणजे खिशात एक छोटी वही-पेन्सिल ठेवा आणि एका वस्तूचं वेडंवाकडं चित्र काढा. चित्र काढायला येत नसलं तरी काढा. हत्तीवर माणसं किती, कुणाचा हात कुठं, हे काढताना जेवढं दिसतं तेवढं फोटोत कधीच दिसत नाही. मुलांना तर हेच द्या, "पाच प्राणी शोधा आणि त्यातला एक काढा" एवढं सांगितलं की अर्धा तास हूं की चूं नाही.

आणि तिथल्या माणसांशी बोला. खुर्चीवर बसलेले मामा असतात, मावशी असतात, येणारा प्रत्येक जण त्यांना फक्त "बाथरूम कुठाय" विचारतो. तुम्ही विचारा, "मामा, तुम्हाला यातलं काय आवडतंय?" एका छोट्या म्युझियममध्ये एका मामांनी मला एका मूर्तीच्या पाठीमागं नेलं आणि दगडावर छिन्नीचे घाव तसेच राहिलेले दाखवले, मूर्तीची पाठ भिंतीला लागणार म्हणून कारागिरानं ती घासलीच नव्हती. पाटीवर हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. दालनातली लाईट बंद असली तर आवाज चढवू नका, नीट सांगितलं की लावतात. आणि जाताना अभिप्रायाच्या वहीत "छान आहे" एवढंच न लिहिता कुठली वस्तू आवडली, कुठली पाटी वाचता आली नाही ते लिहा.

इथनं बाहेर पडायला तुम्हाला साधारण दीड तास लागेल. पुढं अर्धा दिवस असेल तर न्यू पॅलेसला जा, १८७७ ते १८८४ मध्ये बांधलेला, तिथं छत्रपती शाहू म्युझियम आहे. तिथं शस्त्रं आहेत, शिकारीतले पेंढा भरलेले प्राणी आहेत, मुलं तिथंच रमतात. पण तुम्ही दरबार हॉलमध्ये मान वर करून रंगीत काचा बघा, शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत त्यात. आणि शाहू महाराज खरे समजून घ्यायचे असतील तर कसबा बावड्याला लक्ष्मी विलास पॅलेसला जा, २६ जून १८७४ ला त्यांचा जन्म तिथं झाला. राजाच्या म्युझियममध्ये तलवारीपेक्षा कागद जास्त वेळ बघा असं मी म्हणेन. २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम या राजानं काढला, तेव्हा त्यांचं वय २८. अख्ख्या देशाच्या राजकारणात आज ज्याच्यावर भांडणं होतात ते या गावातनं सुरू झालंय. पण हे सगळं एकाच दिवशी कोंबू नका. टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस एवढं बास.

मला विचाराल तर टाऊन हॉलनंतर दुपारी जेवा, झोपा, आणि ऊन उतरल्यावर ब्रह्मपुरीला जा. शिवाजी पूल आणि पंचगंगा घाटाच्या बाजूची टेकडी. तिथं बघायला "स्पॉट" असं काही नाही, हे आधीच सांगते, घरं आहेत, रस्ते आहेत, लोक राहतात. त्यामुळं कुणाच्या दारात उभं राहून फोटो काढू नका. पायाखाली एखादा खापराचा तुकडा दिसला तर तो उचलून खिशात घालू नका, तो तिथंच राहू द्या, जागेवर असलेल्या खापराला अर्थ असतो, तुमच्या शोकेसमध्ये गेल्यावर तो नुसता तुकडा होतो.

पावसाळ्यात येत असाल तर आधी पंचगंगेची पाणीपातळी विचारा, घाट पाण्याखाली जातो, २०१९ आणि २०२१ ला तर नदी गावात शिरली होती. पण टेकडीवर उभं राहिलं की जुन्या माणसांनी वस्तीला हीच जागा का धरली ते कुणी न सांगता कळतं, खाली नदी जवळ आणि पूर आला तरी वर पाय कोरडे. सकाळी काचेमागं बघितलेला हत्ती, तो दाढीवाला देव, ती आईच्या नावाची नाणी ज्या लोकांची, त्यांनी हीच नदी बघितली, बहुतेक याच वेळी, बायका पाणी भरायला उतरत असतील, घाटावरनं माल घेऊन आलेले बैल पाण्यावर नेत असतील.

मग घाटावर उतरा, पायऱ्यांवर बसा, दिवे लागेपर्यंत बसलात तरी कुणी उठवत नाही. परत येताना गंगावेशीतनं या, दूध कट्ट्यावर म्हशी आलेल्या असतात, समोर धार काढून देतात, कोमट आणि फेसाळ. मुलांना पण द्या एकेक ग्लास.